शाळेची वडाप गाडी : 3 स्टार, ते पण ड्रायव्हरमामांमुळं

गगनबावड्याकडच्या आमच्या वाडीतली चौथीपर्यंतची शाळा पट कमी म्हणून बंद झाली, पोरं 4 किलोमीटरवरच्या शाळेत जोडली, तेव्हापासनं ही गाडी लावलीय. नाव टाकत नाही. महिन्याला 800 रुपये, टायमात येते, मामा तर लई भारी माणूस, पाऊस असला की पार दारात गाडी लावणार. पण 8 सीटच्या गाडीत 14 पोरं, दप्तरं टपावर. मालकाला बोललं की डिझेलचा हिशोब मांडतो.

खरं सांगू का, स्टार गाडीला द्यायचे का शाळा हलवणाऱ्यांना तेच कळंना. 2023 ला 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा, म्हणजे बारक्या शाळा एकत्र करून एकच मोठी शाळा, करायचं पत्रक निघालं तेव्हाच कुणकुण लागलेली. नवीन शाळेत फायदा झालाच नाही असं नाही हां, आमची पोरगी तिसरीत एकटीच होती, चारी वर्गांना मिळून एकच गुरुजी, आता वर्गात 22 पोरं, कबड्डीला दोन टीम होतात, घरी येऊन बडबड थांबत नाही. पण जुलैत साकवावरनं पाणी गेलं आणि 9 दिवस घरात बसली, आधी परड्यातनं दोन मिनिटात शाळेत जायची. शेजारच्यांनी तर पहिलीतल्या पोराला घातलंच नाही, एवढं बारकं पोर गाडीत कोंबायचं कसं म्हणून, "पुढच्या वर्षी बघू" म्हणतात. खिचडी शिजवणाऱ्या मावशींचं 2500 चं मानधन गेलं ते वेगळंच, आणि जुन्या इमारतीत आता कुणाच्या तरी वैरणीच्या पेंड्या. जिल्ह्याचा कागदावर एक शिक्षक वाचला म्हणे, वाचू दे, पण तो खर्च आता आमच्याच खिशातनं निघतोय.

नियमात पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत पाहिजे, नसली तर येण्याजाण्याची सोय सरकारनं करायची. त्या प्रवास भत्त्याचा फॉर्म जूनमध्ये भरलाय, दिवाळी होऊन गेली, रुपया नाही. शाहू महाराजांनी 1917 ला शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा पोरगं शाळेत नाही घातलं तर आईबापाला दंड होता, आता शाळाच उचलून नेली तर दंड कुणाला लावायचा?

असो, मालकांना एकच विनंती, 100 रुपये वाढवा पण दोन फेऱ्या करा, आणि मागच्या दाराची कडी तेवढी बदला, दोरीनं बांधलीय.