यॅडो की मॅकडॉवेल? मोठ्याने बोलत लिहिणाऱ्याचं मत

अमेरिकेतल्या लेखक-कलावंतांच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे काही आठवडे राहून फक्त आपलं काम करण्याच्या सोयीसाठी, अर्ज करायचं मनात आलं की आपल्याकडच्या बहुतेकांची यादी दोन नावांवर येऊन थांबते. न्यूयॉर्क राज्यातलं यॅडो आणि न्यू हॅम्पशायरमधलं मॅकडॉवेल. दोन्ही जुन्या इस्टेटींवर आहेत, दोन्हीकडे राहण्या-जेवण्याचे पैसे घेत नाहीत आणि निवड त्या त्या क्षेत्रातले जाणकारच करतात. अर्जाची फी, मुदती, नमुना किती पानांचा हवा हे त्यांच्या संकेतस्थळांवर असतं आणि दर वर्षी थोडंफार बदलतं, म्हणून त्यात शिरत नाही. दोन्हींपैकी आपलं काम कुठे होईल, एवढ्याच प्रश्नाबद्दल लिहितो आहे.

मी मॅकडॉवेल निवडलं आणि तिथे राहून आलो. यॅडोला राहिलेलो नाही. तिथली गुलाबबाग सर्वांना खुली असते ती पाहिली आहे, आणि तिथे राहून आलेल्यांना खोदून खोदून विचारलं आहे. माझ्या मताचं वजन त्या हिशेबाने धरावं.

यॅडो हा मुळात एका कुटुंबाचा वाडा. स्पेन्सर ट्रास्क हे न्यूयॉर्कचे धनिक, एडिसनच्या विजेच्या उद्योगाला भांडवल उभं करून देणाऱ्यांपैकी. त्यांची पत्नी कॅट्रिना कविता लिहायची. १८८१मध्ये त्यांनी साराटोगा स्प्रिंग्जजवळ ही इस्टेट घेतली. चारही मुलं लहानपणीच गेली. १८९१मध्ये घर जळालं, आणि त्याच जागी त्यांनी १८९३मध्ये आजचा ५५ खोल्यांचा दगडी वाडा उभा केला. मागे वारस नव्हता, म्हणून १९००मध्ये ही सगळी मालमत्ता लिहिणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या, संगीत रचणाऱ्या माणसांसाठी ठेवायचं ठरलं. स्पेन्सर १९०९च्या शेवटच्या दिवशी रेल्वे अपघातात गेले, कॅट्रिना १९२२मध्ये गेली, आणि पहिले पाहुणे आले १९२६मध्ये. ज्यांच्यासाठी हे सगळं राखून ठेवलं त्यांच्यापैकी एकालाही आपल्या टेबलाशी जेवताना पाहणं दोघांच्या नशिबी नव्हतं.

मॅकडॉवेलची गोष्ट उलट्या टोकाने सुरू होते. एडवर्ड मॅकडॉवेल हे त्या काळचे मोठे संगीतकार, मेरियन त्यांची पत्नी, स्वतः पियानोवादक. १८९६मध्ये तिने पीटरबरो गावाजवळ एक शेत विकत घेतलं आणि दोन वर्षांनी नवऱ्याला काम करता यावं म्हणून रानात ओंडक्यांची एक खोली बांधून घेतली. घरापासून लांब, कुणाची हाक ऐकू येणार नाही इतकी. तिथे त्यांचं काम असं होऊ लागलं की ही सोय इतरांनाही मिळावी असं दोघांच्या मनाने घेतलं. १९०७मध्ये संस्था सुरू झाली तेव्हा एडवर्ड आजारी होते, आणि १९०८च्या जानेवारीत ते गेले. मेरियनने मग पुढची कित्येक दशकं गावोगावी पियानोचे कार्यक्रम करून पैसा उभा केला आणि रानात एकेक खोली वाढवत नेली. १९३८च्या चक्रीवादळात इस्टेटीवरची असंख्य झाडं आडवी झाली, त्यातूनही तिने हे सावरलं. आज सुमारे ४५० एकरांत ३२ स्टुडिओ आहेत आणि एकातून दुसरा सहसा दिसत नाही.

एक संस्था वाड्यातून वाढली, दुसरी रानातल्या एका खोलीतून. माझ्या मते निवडीचा खरा मुद्दा हाच आहे, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आता माझी अडचण सांगतो, कारण माझा निर्णय तिनेच केला. मी नाटक लिहितो आणि बोलत लिहितो. वाक्य कागदावर उतरवलं की लगेच मोठ्याने म्हणतो, उभा राहून, कधी खोलीत फेऱ्या मारत. सोपं उदाहरण देतो. ‘त्याने त्यातले तेवढेच ताटात ठेवले’ हे वाक्य डोळ्यांना बिनधोक वाटतं. नटाला रागात, एका दमात म्हणायला द्या, तिसऱ्या ‘त’ला जीभ अडखळते. ‘आई, तू जेवलीस?’ आणि ‘जेवलीस तू, आई?’ यांत कागदावर फार फरक नाही, पण दुसऱ्यात मुलाला उत्तर आधीच माहीत आहे, आणि हे मला कानाने कळतं. ज्या पात्राला ओरडायचं आहे त्याच्यासाठी मलाही ओरडावं लागतं. त्याशिवाय वाक्य कुठे मोडायचं, श्वास कुठे घ्यायचा, हे ठरत नाही.

मॅकडॉवेलला जायच्या आधी मी आपल्याच देशात एका जुन्या हवेलीतल्या रेसिडेन्सीत राहिलो होतो. नाव घेत नाही, कारण माणसं मनापासून करणारी होती आणि जागा सुंदर होती. पण लाकडी तक्तपोशी, उंच छत, दोन खोल्यांच्या मध्ये फक्त एक बंद केलेलं दार. शेजारच्या खोलीतल्या कादंबरीकार बाईंनी पान उलटलेलं मला ऐकू यायचं. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. तरी मी दुसऱ्या दिवसापासून कुजबुजत लिहू लागलो, आणि आठवड्याभरात माझी पात्रंही कुजबुजू लागली. भांडणाच्या प्रवेशात तीन भाऊ वाटणीवरून एकमेकांच्या अंगावर जातात, आणि वाक्यं अशी उतरली होती जणू शेजारी कुणीतरी आजारी झोपलं आहे. पुण्यात आल्यावर पहिल्या वाचनालाच नट म्हणाला, ‘काका, यात जोर कुठे लावू?’ तो प्रवेश मी नंतर घरी, दारंखिडक्या लावून, पुन्हा पहिल्यापासून लिहिला.

त्यामुळे दोन संस्थांची माहिती चाळताना मला एकच गोष्ट बघायची होती: माझा आवाज कुणाच्या कानावर जाईल? यॅडोत बऱ्याच जणांच्या खोल्या वाड्यात किंवा इस्टेटीवरच्या इतर घरांत असतात, आणि दिवसा शांतता पाळायची पद्धत जुनी आहे. कादंबरीकाराला याहून चांगलं काय हवं? मला मात्र ती शांतता वाचतानाच हवेलीतली तक्तपोशी आठवली.

इथे यॅडोवर अन्याय होऊ नये म्हणून एक सांगायलाच हवं. तिथे रानातले सुटे स्टुडिओही आहेत. १९५९च्या शरदात सिल्व्हिया प्लाथ आणि टेड ह्यूज हे कवी-जोडपं यॅडोत राहिलं, तेव्हा तिला वेस्ट हाउस नावाच्या घरात वरच्या मजल्यावरची खोली मिळाली होती आणि त्याला झाडीतला वेगळा स्टुडिओ. आणि प्लाथच्या कवितेला वळण लागलं ते त्याच मुक्कामात, घरातल्या त्या खोलीत. म्हणजे घरातल्या खोलीत मोठं काम होत नाही असं कुणी म्हणू शकत नाही. पण कोणती जागा वाट्याला येईल हे संस्था ठरवते. अर्जात गरज लिहिता येते, आणि लिहावीच. मॅकडॉवेलला मला ती काळजी फारशी वाटली नाही, कारण तिथे सुटी खोली हाच नियम आहे.

तिथल्या पहिल्या सकाळी मी भावांच्या भांडणाचा तोच प्रवेश काढला आणि पूर्ण आवाजात म्हटला. थोरल्याची वाक्यं, मग धाकट्याची, मग दोघांची एकमेकांवर चढलेली. बाहेर पाइनची झाडं आणि त्यांच्यामागे आणखी झाडं. कुणी आलं नाही, कुणी येणारही नव्हतं, कारण बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या स्टुडिओवर जायचं नाही हा तिथला सगळ्यात जुना आणि सगळ्यात काटेकोर पाळला जाणारा रिवाज आहे. मधल्या भावाचं एक लांबलचक वाक्य त्या दिवशी दोनदा मोडलं आणि मग नीट बसलं.

भिंतीवर लाकडी फळ्या टांगलेल्या असतात, थडग्यावरच्या दगडासारख्या आकाराच्या. त्या स्टुडिओत राहून गेलेला प्रत्येक जण निघताना त्यावर नाव आणि साल लिहितो. जुन्या फळ्यांवरची शाई इतकी फिकी झालेली असते की नाव वाचायला फळी उजेडाकडे तिरपी धरावी लागते. काम अडलं की मी ती नावं वाचत बसायचो. बरीचशी कधीही न ऐकलेली. त्या न ऐकलेल्या नावांनी मला जास्त धीर दिला. नाटकवाल्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे थॉर्नटन वाइल्डरने ‘अवर टाउन’चा काही भाग मॅकडॉवेललाच लिहिला, आणि त्या नाटकातल्या गावात पीटरबरोचा अंश आहे.

दुपारच्या जेवणाबद्दल थोडं, कारण दोन्ही जागांचा स्वभाव त्यातून कळतो. यॅडोत न्याहारीनंतर आपला डबा आपणच उचलून कामाच्या जागी न्यायचा, अशी पद्धत चालत आली आहे. मॅकडॉवेलला दुपारी कुणीतरी टोपली पायरीवर ठेवून न बोलता निघून जातं. डबा सोबत असला की कधी खायचं ते आपल्या हातात राहतं, आणि काहींना तेच आवडतं. मला टोपली सोयीची वाटली. ती आली की सकाळ संपली एवढं कळायचं, घड्याळ बघावं लागायचं नाही. शाकाहाराची अडचण आली नाही, पण अर्जानंतरच्या फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा. लोणचं मात्र बरोबर न्या.

संध्याकाळ दोन्हीकडे सगळ्यांची मिळून असते: एकत्र जेवण, मग कधी कुणी वाचून दाखवतं, कुणी काम दाखवतं. इथे यॅडोचं पारडं जड आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. वाड्याच्या दालनात जुन्या लाकडी कोरीवकामाच्या सान्निध्यात जेवायला बसणं, आणि त्या टेबलाशी आधी कोण कोण बसून गेलं ते आठवणं, याचं मोल वेगळंच. लँग्स्टन ह्यूज, कार्सन मॅकलर्स, फ्लॅनरी ओ’कॉनर, जॉन चीव्हर, असे नावाजलेले अमेरिकी लेखक. कादंबरीकार पॅट्रिशिया हायस्मिथने आपली सगळी मालमत्ता यॅडोच्या नावे केली, यावरून त्या जागेने तिला काय दिलं असेल ते समजावं. आपल्याशी दूरचं नातं असलेलं एक नावही तिथल्या इतिहासात आहे. सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्या बर्लिनमधल्या सहचारिणी, पत्रकार अ‍ॅग्नेस स्मेडली, चाळिशीच्या दशकात कित्येक वर्षं यॅडोत राहत होत्या. १९४९मध्ये कम्युनिस्टांना आसरा दिल्याचा आरोप करून तिथल्या संचालिका एलिझाबेथ एम्स यांना काढण्याची मागणी झाली, त्यात स्मेडलींचा मुक्काम हाच मोठा मुद्दा होता. एम्स पदावर राहिल्या. ज्यांना अशा इतिहासाच्या सहवासात लिहायला बळ मिळतं, त्यांनी यॅडोच धरावं.

बागेचं म्हणाल तर ती पाहण्यासाठी वाट वाकडी करावी अशी आहे. स्पेन्सरने १८९९मध्ये कॅट्रिनाला दिलेली भेट. चार ऋतूंचे संगमरवरी पुतळे, वेलींचा मांडव, गुलाबांचे वाफे. मी गेलो तेव्हा महामार्गाची घरघर तिथवर ऐकू येत होती. रस्ता बागेच्या किती तरी नंतरचा, त्यात दोष कुणाचाच नाही. आत रानातल्या स्टुडिओत ती किती पोचते ते वाऱ्यावर असेल. माझे कान आधीच या बाबतीत हळवे, तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही. उन्हाळ्यात शेजारीच साराटोगाच्या घोड्यांच्या शर्यती असतात आणि गाव माणसांनी फुलतं.

पोचायला यॅडो सोपं. न्यूयॉर्कहून रेल्वे थेट साराटोगा स्प्रिंग्जला जाते. पीटरबरोला रेल्वे नाही, बॉस्टनकडून रस्त्याने जावं लागतं. मुक्काम यॅडोत दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत मिळू शकतो, मॅकडॉवेलला आता कमाल सहा आठवडे. कादंबरीचा मोठा तुकडा पार करायचा असेल तर हा फरक लहान नाही. उलट मॅकडॉवेलला गरज दाखवल्यास प्रवासखर्च आणि घरच्या खर्चालाही मदत मिळू शकते. इथून विमानाचं तिकीट काढणाऱ्याने ते आधी वाचावं. यॅडोतही मदतीची सोय आहे, पण मर्यादित.

थंडीत गेलात तर दोन्हीकडे बर्फ असतो. बूट चांगले घ्या आणि टॉर्च जवळ ठेवा, कारण मॅकडॉवेलला रात्री जेवून स्टुडिओकडे परतताना रानातला अंधार खरोखर अंधार असतो. पहिले काही दिवस मला तो जड गेला. एकटेपणा सोसत नसेल, भिंतीपलीकडे कुणी जागं आहे या जाणिवेनेच ज्याची झोप आणि लेखणी दोन्ही चालतात, त्याने माझं ऐकू नये. उन्हाळ्यात गवतातून चालताना पाय झाका, तिकडच्या गोचिडांतून लाइम नावाचा आजार होतो.

चित्रकारांबद्दल मी ठामपणे बोलू शकत नाही. उजेड आणि भिंती कशा हव्यात ते त्यांनी तिथे राहून आलेल्या चित्रकारालाच विचारावं. कवी आणि कादंबरीकारांसाठी दोन्ही पारडी जवळपास सारखी आहेत, किंचित यॅडोकडे झुकलेली असंही म्हणेन. पण नाटककार, संगीतकार, गाणारे, कीर्तनाची संहिता बांधणारे, किंवा माझ्यासारखे स्वतःचं वाक्य कानाने तपासणारे जे कुणी असतील, त्यांनी पहिला अर्ज मॅकडॉवेलला करावा आणि यॅडोचा त्यानंतर.

अर्जाच्या नमुन्याबद्दल एक महत्त्वाचं. परीक्षकांना मराठी येणार नाही, त्यामुळे अनुवादावरच सगळं ठरतं. दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात आयोवाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाला गेले होते, ते स्वतः दोन्ही भाषांत लिहिणारे होते. आपल्यापैकी बहुतेकांची तशी तयारी नसते. म्हणून नाटकातला सगळ्यात गाजलेला प्रवेश न देता इंग्रजीत उभा राहील असा प्रवेश निवडा, अनुवादकाला त्याचे पैसे द्या, आणि पाठवण्याआधी ती इंग्रजी पानं कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या.