‘दोन महिन्यांत दहा किलो’: लग्नाआधीच्या स्लिमिंग पॅकेजचं परीक्षण

पत्रिका जुळते, फोटो पसंत पडतो आणि मग कोणीतरी म्हणतं, "मुलगी छान आहे, जरा अंगानं भरलेली आहे एवढंच. लग्नापर्यंत करेल कमी." स्लिमिंग सेंटरची ब्रायडल पॅकेजेस या एका वाक्यावर चालतात. नावं वेगवेगळी, आतला माल बहुतेक तोच: वजनकाटा आणि अंगातलं चरबी-स्नायूंचं प्रमाण दाखवणारं बॉडी कॉम्पोझिशनचं मशीन, गरम पट्ट्यांचं रॅप, थरथरणारा मसाजर, विजेचे पॅड आणि एक छापील डाएटशीट.

आधी आकड्यांचं बघू. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 किलोकॅलरी, दहा किलोच्या 77,000. त्याला आठ आठवड्यांच्या 56 दिवसांनी भागलं की रोज 1375 ची तूट येते. जिची रोजची गरज 1800 आहे तिला 425 वर दिवस काढावा लागेल. म्हणजे दिवसभरात दोन पोळ्या, वाटीभर वरण आणि थोडी भाजी. हे कोणालाही झेपणार नाही आणि झेपवूही नये. आठवड्याला अर्धा किलो या हिशोबानं दोन महिन्यांत चार किलो उतरले तर ते उत्तम काम आहे.

तरी पहिल्या आठवड्यात काटा दोन किलो खाली येतो आणि पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. ते बरंचसं पाणी असतं. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे राखीव साखरेबरोबर) सुमारे 3 ग्रॅम पाणी असतं. खाणं एकदम तोडलं की दोन्ही जातं, आणि हळदीच्या दिवशी नीट जेवलं की परत येतं. रॅपचंही तेच. घाम निघतो, पट्टी घट्ट आवळल्यानं कंबर तासाभरापुरती बारीक दिसते आणि टेप नेमका तेव्हाच लावला जातो. माप खरं हवं असेल तर सकाळी उपाशीपोटी, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून घ्यायचं. दर वेळी त्याच जागी. सेंटरमध्ये टेप बेंबीवरून दोन बोटं वर सरकला की तेवढ्यानंच इंच कमी भरतो, तिकडे लक्ष ठेवा.

काटछाट फार झाली तर केस गळतात, आणि तेही लगेच नाही, दोन-तीन महिन्यांनी. म्हणजे ऐन लग्नाच्या सुमारास. भराभर वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो. पाळी अनियमित असेल किंवा वजन अचानक वाढलं असेल, तर पॅकेजआधी डॉक्टरांना दाखवून थायरॉइड आणि पीसीओएसची (बीजकोशाशी संबंधित हार्मोनच्या बिघाडाची) तपासणी करून घ्या. सोबत ‘फॅट बर्नर’ पुड्या दिल्या तर घेऊ नका. औषधानं लठ्ठपणा बरा होतो अशी जाहिरात करायला 1954 च्या जादूटोणा उपाय व औषधांसंबंधीच्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्यानं मनाई आहे.

सगळ्यात खटकतं ते समुपदेशकाचं बोलणं. उंची 155 सेंमी, वजन 62 किलो, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा) 25.8, की तक्ता लाल. भारतीयांसाठी 25 पासून लठ्ठपणा धरतात हे खरं, पण तो आकडा मधुमेह-रक्तदाबाचा धोका ओळखण्यासाठी आहे. इथे मात्र पुढचं वाक्य येतं, "जोडा शोभायला नको का? मिस्टर काय म्हणतात?" त्याच जोडप्यातल्या पोट सुटलेल्या नवऱ्यामुलाला कोणी पॅकेज विकत नाही, तो खात्यापित्या घरचा ठरतो. लाजेवर केलेली ही विक्री आहे आणि ती क्रूर आहे. ठरलेल्या नात्याला वजनाची अट घातली जात असेल, तर त्यावर दोघांनी सेंटरच्या खुर्चीत नाही, घरी बसून बोलायला हवं.

तरीही घ्यायचंच ठरलं तर पैसे सिटिंगनुसार द्या, एकरकमी नको. मधे सोडल्यास किती परत मिळतील ते लेखी घ्या. वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. आहारतज्ज्ञाची पदवी विचारा. आणि ब्लाउज आजच्या मापानं शिवायला टाका, दोन्ही बाजूंना एकेक इंच माया ठेवायला सांगून. शेवटचं फिटिंग लग्नाच्या दहा दिवस आधी. "कमी होईन तेव्हाचं" माप शिंप्याला देऊ नका, त्यात हात वर करून हार घालता येत नाही.