टांगलेलं बोकड, चिंचेचा ओंडका : कोल्हापूरच्या मटणाच्या दुकानांचं परीक्षण

कोल्हापुरात मटण घ्यायचं असेल तर बकरं टांगलेल्या दुकानातूनच घ्यावं. थंड पाकिटातलं तयार मटण अडीअडचणीला ठीक आहे, पण त्यात दोन गोष्टी मिळत नाहीत. मटण कोणत्या बकऱ्याचं आहे ते डोळ्यांना दिसत नाही आणि आपल्या रश्शाला हवं तसं कापून मिळत नाही. पिढीजात खाटकाच्या दुकानाचं सगळं मोल या दोन गोष्टींत आहे. हे परीक्षण एका पाटीचं नाही, त्या पद्धतीच्या दुकानांचं आहे. कुठे पूर्ण गुण द्यावेत आणि कुठे कान उपटावेत, ते खाली लिहिलं आहे.

दुकानात गेल्यावर आधी दराकडे नाही, आकड्याला टांगलेल्या बकऱ्याकडे पाहा. चांगला दुकानदार शेपूट राखतो आणि नराचे कपुरे, म्हणजे अंड, तेही राखतो. हा गबाळेपणा नाही, तो पुरावा आहे. शेळीची जात असेल तर शेपूट बुडाशी बारीक असते, मेंढीची बुडाशी रुंद आणि चरबीची असते. कपुरे असतील तर बोकड, नसतील तर एक तर खच्ची केलेलं किंवा शेळी. खच्ची बोकडाचं मटण मऊ असतं, चरबी जास्त आणि वास कमी. म्हणून खच्ची मिळाला तर तक्रारीचं काही कारण नाही. पण म्हातारी शेळी बोकडाच्या दरात गळ्यात पडत असेल तर ती फसवणूक आहे. शेपूट आणि कपुरे दोन्ही काढून, मागच्या मांड्या तेवढ्या पुढे टांगलेल्या असतील तर विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढच्या दुकानात जा.

चरबीही बोलते. मेंढीची चरबी पांढरीशुभ्र, कडक आणि मासात जागोजाग पसरलेली असते. बोकडाची चरबी गुर्द्याभोवती साठते, अंगावर पातळ पडदा तेवढा असतो. मेंढीचं मटण वाईट असतं असं नाही. जत तालुक्यातल्या माडग्याळी मेंढ्याचं सुकं मटण उत्तम होतं. पण पांढऱ्या रश्शात मेंढीची चरबी निवली की वर साय धरते आणि टाळ्याला चिकटते. त्यामुळे मेंढी मेंढीच्या नावाने आणि मेंढीच्या दराने विकली, तर हरकत नाही.

वय बरगडीवर कळतं. कोवळ्या बकऱ्याची बरगडी आतून लालसर असते आणि बोटांनी वाकवली तर थोडी लवते. जून जनावराची पांढरी, चपटी आणि कडक. दुकानात मुंडी ठेवलेली असेल तर दात पाहा. सगळे दुधाचे असतील तर साधारण वर्षाच्या आतलं, पुढचे दोन मोठे दात आले असतील तर वर्ष उलटून गेलेलं. आठ ते बारा महिन्यांचं, सोलून १० ते १४ किलो भरणारं बकरं रश्शाला सर्वांत चांगलं. त्याहून कोवळ्या पालव्याचं मटण लुसलुशीत लागतं, पण रश्शाला अंग येत नाही. ते सुक्याला घ्यावं.

दराबद्दल कोल्हापूरकर हळवे आहेत. २०१९ च्या अखेरीस मटणाच्या दरावरून शहरात मोठं आंदोलन झालं, ते अजून लोकांच्या लक्षात आहे. गिऱ्हाइकाचा राग समजतो, पण हिशोब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा. उस्मानाबादी जातीचा ३० किलोचा बोकड कापला तर हाडासकट मटण १३ ते १५ किलो निघतं. बाकीचं कातडं, पोट, रक्त, मुंडी आणि पाय. मुंडी, पाय, वजडी (पोट-आतडी), रक्ती हे वेगळं विकून दुकानदाराची थोडीफार भर निघते. आणखी एक खाच आहे. टांगलेलं बकरं जसजसा वेळ जातो तसं सुकतं आणि वजनात घटतं. म्हणून काही दुकानांत त्यावर पुन्हा पुन्हा पाणी मारतात. ओलं फडकं झाकणं वेगळं आणि पाणी मारणं वेगळं. पाण्याने वजन फुगतं, मटण लवकर नासतं आणि कढईत तेवढंच पाणी सुटतं. चांगल्या मटणाचा पृष्ठभाग किंचित कोरडा, बोटाला जरा चिकट लागणारा असतो. बोट दाबून काढलं की खळगा भरून यायला हवा. लाल दिव्याखाली सगळंच ताजं दिसतं, तेव्हा तुकडा उजेडात घेऊन पाहायला संकोच करू नका.

या दुकानांना पूर्ण गुण मिळतात ते कापणीत. मुरलेला खाटीक वजन करण्याआधी विचारतो, “काय करायचंय मावशी, रस्सा का सुकं?” या प्रश्नावर अर्धा स्वयंपाक ठरतो. कोल्हापुरात मिसळ मटण द्यायची रीत आहे. मांडी, फरा (खांदा), सीना (छाती), चाप (बरगड्या), मान, नळी, सगळ्यांचे थोडे थोडे तुकडे आणि वर कलेजीचा एखादा. ही रीत योग्यच आहे, कारण रश्शाला चव मान, सीना आणि नळी देतात, ताटात वाढायला मांडी आणि फरा लागतो. नुसती मांडी मागणारं गिऱ्हाईक पैसे देऊन पाणचट रस्सा घेऊन जातं. किलोत हाड पाव किलोच्या आसपास असावं. त्याहून फार जास्त दिसलं तर तिथल्या तिथे बदलून मागा. चरबी ५० ते ७५ ग्रॅम चालते, किंबहुना हवीच.

रश्शाला तुकडा ३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे किलोत तीस-पस्तीस तुकडे. सुक्याला त्याहून लहान. बिर्याणीला ६० ते ८० ग्रॅमचा, हाडाला धरून. अळणी (मटणाचं बिनतिखट पाणी) काढायची असेल तर नळी मधोमध तोडू नका असं सांगा, टोकं उडवून घ्या. मग हाडातला मगज आत राहतो आणि शिजताना हळूहळू उतरतो. चाप मागताना दोन बरगड्या एकत्र ठेवायला सांगितलं तर तुकडा सुटत नाही.

हाडाचा चुरा ही घरोघरची तक्रार, आणि तिचं मूळ सत्तुराच्या धारेत आहे. धारदार, वजनी सत्तूर एका घावात हाड तोडतो. बोथट सत्तुराने तीन-चार घाव एकाच जागी पडले की हाड फुटतं, त्याच्या कपच्या मासात रुततात आणि जेवताना दाताखाली येतात. जाणता खाटीक सांधा शोधून आधी सुरी फिरवतो, सत्तूर नळीला आणि पाठीच्या मणक्याला तेवढा वापरतो. दोन मिनिटं उभं राहून आवाज ऐका. ठक, ठक असा एकेक सुटा आवाज येत असेल तर काम चांगलं चाललंय. ठकठकठक असा मारा चालला असेल तर घरी गेल्यावर चाळणीत धुवावं लागणार. धुवायचंच तर वाहत्या पाण्याखाली एकदाच. पाण्यात भिजत ठेवलं की रंग जातो आणि चवही.

ओंडका चिंचेच्या लाकडाचा असावा. चिंचेचं लाकूड घट्ट, रेषा एकमेकांत गुंतलेल्या, त्यामुळे घाव बसला तरी सहसा ढलपे निघत नाहीत. हलक्या लाकडाचा भुसा मटणात जातो. काम संपल्यावर ओंडका पाण्याने भिजवत नाहीत, पात्याने खरवडतात आणि वर जाडं मीठ चोळून ठेवतात. मीठ ओल ओढून घेतं, वास धरत नाही. ओंडक्याच्या मध्ये खोलगट वाटी झालेली असेल आणि त्यात लाल पाणी साचलेलं असेल तर ते दुकान टाळा. त्याच ओंडक्यावर कोंबडी कापत असतील तर नक्कीच टाळा.

खिम्याच्या बाबतीत बहुतेक दुकानं हल्ली मला नापास करावीशी वाटतात. दोन सत्तुरांनी हाताने कापलेला खिमा दाणेदार होतो, मशीनचा खिमा तापून पिठूळ होतो आणि कढईत गोळे धरतो. हाताच्या खिम्याला अर्ध्या किलोमागे दहा-बारा मिनिटं जातात, रविवारी त्याला कोणी हात लावत नाही. मग बुधवारी किंवा शुक्रवारी सकाळी मागा. मशीनचाच घ्यावा लागला तर फऱ्याचं बिनहाडी मटण आपल्यासमोर निवडून, वजन करून मग टाकायला सांगा. मशीनच्या पोटात आधीच्या गिऱ्हाइकाचा खिमा राहिलेला असतो, पहिली मूठ बाजूला काढायला लावा. आपलाही थोडा आत राहतो, म्हणून शेवटी मशीनची नळी उघडून काढून मागायला हरकत नाही. अर्ध्या किलोत ५०-६० ग्रॅम चरबी घालून घ्या, नाहीतर खिमा कोरडा, रवाळ लागतो.

कलेजी अख्खी पाहून घ्यावी. तपकिरी-लाल, कडा धारदार, वर पांढरे ठिपके किंवा पाण्याच्या फोडी नकोत. हिरवट-पिवळा डाग असेल तर पित्ताची पिशवी फुटलेली असते. तेवढा भाग कापून टाकायला सांगा, नाहीतर सगळी कलेजी कडू होते. पायांचे केस जाळून, खरवडून, खूर काढून देतात. जाळल्यावर कातडी काळी न पडता बदामी राहिली तर हात चांगला. वजडी घरी चुन्याच्या निवळीत किंवा कढत पाण्यात घालून खरवडावी लागते. दुकानात “साफ केलेली” म्हणतात ती पहिली धुणी तेवढी असते.

कोणत्या वेळी जावं? सकाळी सात ते नऊ. बकरी पहाटे कापलेली असतात. महापालिकेच्या कत्तलखान्यातून आलं असेल तर अंगावर शिक्का असतो, तो पाहून घ्या. गटारीच्या आधीचा रविवार आणि धुळवडीचा दिवस टाळता आला तर टाळावा. त्या दिवशी हाताखाली नवखी पोरं असतात, तुकडे वेडेवाकडे पडतात आणि एरवी कोणी न घेणारं जून जनावरही खपून जातं. आखाडात मटण लागणारच असेल तर आदल्या संध्याकाळी किलो आणि कापणी सांगून ठेवा. जुने दुकानदार शब्द पाळतात.

घरी आणल्यावर लोक एक चूक करतात आणि दोष खाटकाला देतात. कापल्यानंतर काही तासांत बकऱ्याचं मास ताठतं, मग थंडाव्यात दिवसभराने हळूहळू सैल पडतं. ताजं मटण लगेच फ्रीजमध्ये घातलं आणि चार तासांनी शिजवलं तर ते नेमकं ताठलेल्या अवस्थेत चुलीवर जातं. थेट बर्फाच्या कप्प्यात टाकलं तर आखडतं आणि बर्फ सुटताना आणखी चिवट होतं. म्हणून आणलं की हळद, मीठ, आलं-लसूण लावून तासाभरात शिजत घालावं, नाहीतर एक दिवस फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवून दुसऱ्या दिवशी करावं. वर्षाच्या आतल्या बकऱ्याला कुकरची शिट्टी झाल्यावर मंद आचेवर १५ ते २० मिनिटं पुरतात. जून निघालंच तर किलोला एक चमचा कच्च्या पपईचा कीस, अर्धा तास. त्याहून जास्त ठेवलं तर वरून पिठूळ आणि आतून तसंच चिवट राहतं.

वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा मुदतीतला शिक्का असावा, आणि परात ठेवून काटा शून्यावर आणलाय का ते तुकडे पडण्याआधी पाहावं. कागदात गुंडाळून घेऊ नका, छापील शाई ओल्या मटणाला लागते. झाकणाचा स्टीलचा डबा न्या आणि आधी रिकामा डबा काट्यावर ठेवायला सांगा. बऱ्याच दुकानांत डबा पुढे केला की खाटीक न सांगता नळीचा एक तुकडा वरून टाकतो. तो वजनात धरलेला नसतो.