‘मुंबईत व्होल्टेज असंच असतं’ असं सांगून आमच्याकडून ७०,५०० रुपये नेले

बोरिवलीतली आमची सोसायटी जुनी आहे. मीटर रूम पुढच्या जिन्याखाली आणि आमचं पार्किंग मागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून. केबलच्या वाटेने हे अंतर ४५ मीटर भरतं. सगळी फसवणूक या ४५ मीटरमध्ये झाली, म्हणून आधी सांगितलं.

गेल्या जुलैमध्ये इलेक्ट्रिक गाडी घेतली. गाडीबरोबर भिंतीवर लावायचा ७.२ किलोवॉटचा चार्जर मिळाला, पण मीटरपासून तिथवर लाइन ओढायचं काम आमच्या गळ्यात. गणपतीला गाडीनेच चिपळूणला जायचं ठरलं होतं, त्यामुळे घाई होती. बी विंगमध्ये एका वायरमनने हेच काम करून दिलं होतं, त्याला बोलावलं. बोलायला अतिशय गोड माणूस. त्याने ५२,००० सांगितले: ६ स्क्वेअर एमएम जाडीची तांब्याची आर्मर्ड (वरून धातूचं कवच असलेली) केबल, वेगळी अर्थिंग, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज कुठे गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच), मजुरी. एका दिवसात काम उरकलं.

संध्याकाळी चार्जर लावला तर लाल दिवा. स्क्रीनवर अर्थिंगचा दोष. त्याने डबा उघडला, पाच मिनिटं काहीतरी केलं आणि दिवा हिरवा झाला. “ताई, वायर जरा ढिली होती.” मी विश्वास ठेवला.

त्याच रात्रीपासून खाली-वर सुरू झालं. चार्जिंग ७ किलोवॉटच्या आसपास सुरू व्हायचं, पंधरा-वीस मिनिटांत ४ वर यायचं, मग ५, परत ३. कधी मध्येच बंद. सकाळी सहाला ८० टक्के अपेक्षित असायचे आणि ५५ दिसायचे. चार दिवस मी मोबाइलमध्ये आकडे टिपले. (ते पुढे फार उपयोगी पडले.) त्याला दाखवले तेव्हा त्याने न वाचताच सांगितलं, “मुंबईत व्होल्टेज असंच असतं ताई, रात्री सगळ्यांचे एसी चालू. तुम्हाला फेज बॅलन्सर लागेल.”

फेज बॅलन्सर म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी, पुढे हिरवा दिवा, किंमत १८,५०० रुपये. पेटी लावून त्याने गाडी जोडली आणि आम्हाला अर्धा तास तिथे उभं केलं. आकडा ४.२ वर गेला आणि तिथेच राहिला. जराही हलला नाही. “बघा, पॉवर कशी एकसारखी झाली!” खरंच एकसारखी झाली होती. नवऱ्याने तिथल्या तिथे यूपीआयने पैसे दिले.

आम्ही चिपळूणला जाऊन आलो. परतल्यावर आठवड्याने, भर पावसात रात्री दीडला वॉचमनने बेल वाजवली. मागच्या भिंतीजवळ जळल्याचा वास येत होता. चार्जरखालच्या जॉइंटच्या डब्याला हात लावता येत नव्हता. आधी मीटर रूममधला स्विच पाडला. पुढचे दोन तास झोप लागली नाही, कारण त्या भिंतीच्या दुसऱ्या बाजूला तळमजल्यावरच्या आजींची खोली आहे.

सकाळी वरच्या मजल्यावरच्या मामांना गाठलं. ते बेस्टच्या वीज विभागात वायरमन होते, आता निवृत्त आहेत. ते टाँग टेस्टर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा) आणि व्होल्टेज मोजायचं मीटर घेऊन खाली आले. काहीही उघडायच्या आधी त्यांनी एकच प्रश्न विचारला: “त्या माणसाने दोन्ही टोकांना व्होल्टेज मोजलं होतं का? गाडी चालू असताना?” नव्हतं मोजलं. एकदाही नाही.

मामांनी जळका जोड कापून तात्पुरता नीट बांधला, चार्जर थोडा वेळ पूर्ण ३२ अँपिअरवर घेतला आणि मला आकडे लिहायला लावले. मीटरपाशी २२८ व्होल्ट. चार्जरपाशी २०३. म्हणजे वीज कंपनीकडून पुरवठा व्यवस्थित येत होता. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात ६ टक्के खाली-वर, म्हणजे साधारण २१६ ते २४४, नियमात बसतं. मीटरपाशीच त्याहून कमी असतं तर तक्रार वीज कंपनीकडे करायची होती. आमचे २५ व्होल्ट मात्र मधल्या ४५ मीटरमध्ये जात होते.

“तांब्याच्या सहा एमएमला इतक्या अंतरात नऊ-दहा व्होल्ट जातील,” मामा म्हणाले. “पंचवीस कसे जातील? ही केबल ती नव्हेच.” त्यांनी केबलचं टोक मागे सोललं. चार्जरच्या डब्यात दिसणारी तांब्याची तार जेमतेम एक वीत होती. तिच्यामागे पिळून, टेप गुंडाळून जोडलेली पांढरी तार. ॲल्युमिनियम, आणि तीही ४ स्क्वेअर एमएम. मीटर रूमच्या टोकालाही तेच. कुणी डबा उघडला तर तांबंच दिसावं, अशी ही तयारी. तांबं आणि ॲल्युमिनियम असे नुसते पिळून जोडले की मुंबईच्या दमट, खारट हवेत तो जोड गंजतो, गंजला की तापतो, तापला की आणखी ढिला होतो. आमचा जोड तसाच जळला होता. एका जोडावर ६ व्होल्ट जरी जात असले तरी ३२ अँपिअरला सुपारीएवढ्या जागेत जवळजवळ २०० वॉट उष्णता तयार होते.

गाडीची वागणूकही मग समजली. व्होल्टेज फार पडलं की गाडीतला चार्जर आपणहून करंट कमी करतो. करंट कमी झाला की व्होल्टेज सावरतं, मग तो पुन्हा वाढवतो, आणि पुन्हा पडतं. गाडी आम्हाला दोष दाखवत होती आणि आम्ही तो दिसू नये म्हणून पैसे भरले.

कारण त्या काळ्या पेटीत एक कपॅसिटर आणि एक दिवा होता, बाकी काही नाही. मुळात आमची लाइन सिंगल फेज, म्हणजे वीज आणणारी तार एकच. एकाच फेजमध्ये बॅलन्स करायला दुसरं असतं काय? आकडा स्थिर झाला, कारण पेटी लावताना त्याने चार्जरच्या आतल्या सेटिंगमध्ये करंट ३२ वरून २० अँपिअरवर आणला होता. कमी करंट, व्होल्टेजची कमी घट, म्हणून आकडा हलत नव्हता. आम्ही ७ किलोवॉटच्या जागी ४ किलोवॉट घेत होतो आणि त्याचे १८,५०० मोजले होते.

पैशांचं दुःख आहे, पण मला सर्वांत जास्त संताप अर्थिंगचा आहे. पहिल्या संध्याकाळी लाल दिवा घालवायला त्याने डब्यात न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थ यांच्यात वायरचा एक तुकडा टाकला होता. मीटर रूममध्ये अर्थची तार कशालाच जोडलेली नव्हती. अशा जोडणीत न्यूट्रल कुठे तुटला तर गाडीच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येऊ शकतात. आमची आठ वर्षांची मुलगी पावसात, ओल्या फरशीवर, रोज त्याच गाडीला टेकून उभी राहते. आणि आरसीसीबी? बिलात होती, डब्यात साधी एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला तरच पडणारा स्विच. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं टेस्टचं बटण असतं, ते तरी बघायला हवं होतं, पण तेव्हा मला माहीतच नव्हतं. तुमच्या डब्यात आजच बघा.

पुरावा मात्र माझ्याच फोनमध्ये निघाला. केबलचं वेटोळं आलं तेव्हा मी घरच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. त्यात केबलवरची छापील अक्षरं स्पष्ट दिसतात: सुरुवातीला ‘ए’. मामांनी सांगितलं, आर्मर्ड केबलच्या या खुणेत पहिला ‘ए’ म्हणजे ॲल्युमिनियम. तांब्याच्या केबलवर तो नसतो. पुढे मापही छापलेलं असतं. केबल भिंतीवर चढायच्या आधी हे दोन मिनिटांत वाचता येतं.

नवरा मामांना घेऊन लोहार चाळीत गेला आणि १० स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल आणली. लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडून अखंड, मध्ये एकही जोड न देता ओढून घेतली, अर्थिंग नवीन केलं, टेस्ट रिपोर्ट लेखी घेतला. आता पूर्ण ३२ अँपिअरला चार्जरपाशी मीटरपेक्षा ५-६ व्होल्टच कमी दिसतात, आणि करंटचं सेटिंग आमच्यासमोर लावून घेतलं आहे.

त्या पहिल्या वायरमनने आधी “गाडीतच फॉल्ट आहे” म्हटलं, मग फोन उचलणं बंद केलं. बिलावर लायसन्स नंबर नाही, जीएसटी नंबर नाही. पण व्हॉट्सॲपवर त्याने स्वतः ‘६ एमएम कॉपर’ लिहिलेलं आहे आणि यूपीआयच्या नोंदी आहेत. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नोटीस पाठवली, आणि आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची कागदपत्रं जमवतो आहोत. कामासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आतली असल्याने तिथे फी भरावी लागत नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. काढलेल्या केबलचे तुकडे, जळलेला जोड आणि ती काळी पेटी, तिन्ही मी तारीख लिहून माळ्यावर ठेवली आहेत.

बी विंगमधल्या त्या कुटुंबाला मी सगळं दाखवलं. त्यांच्याही भिंतीवर तशीच काळी पेटी आहे, हिरवा दिवा लागलेली. रविवारी मामा त्यांची लाइन तपासणार आहेत. तोवर त्यांनी चार्जर बंदच ठेवलाय आणि गाडी स्टेशनजवळच्या सार्वजनिक चार्जरवर नेतात.