कविता वर्गात मिळून म्हणायची, की टॅबवर ज्याची त्याने?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेला देणगीतून ६ टॅब मिळाले. सहावी-सातवी मिळून पोरं २२. आता कविता टॅबवर एकेकट्याने शिकायची, की आजवरसारखी चाल लावून सगळ्यांनी मिळून म्हणायची? तुमच्याही शाळेत हा विषय निघाला असेल, तर वर्षभर दोन्ही करून पाहिलेल्या माणसाचं म्हणणं एवढंच, की आधी कविता कोणती ते बघा.

अभंग घ्या. 'देवाचिये द्वारी, उभा क्षणभरी, तेणें मुक्ति चारी, साधियेल्या.' अक्षरं ६, ६, ६ आणि ४. टॅबवर मी अक्षरं मोजून आकडा टाकायचा खेळ केला होता. पहिल्याच चरणाला निम्म्या पोरांनी ७ टाकले, कारण 'द्वा'तले द आणि वा त्यांनी वेगवेगळे मोजले. टॅबने लाल फुली दाखवली, तशी पोरं ८, मग ५, असे वाटेल ते आकडे टाकत सुटली. दुसऱ्या दिवशी टॅब कपाटात ठेवले आणि टाळ्या वाजवत तोच चरण म्हटला. 'द्वा'वर एकच टाळी पडते, हे हातालाच कळलं. छंद शिकवायचा असेल तर टॅबवर वेळ घालवू नका.

उच्चाराचं उलटं आहे. सगळे एका सुरात म्हणायला लागले की मागच्या बाकावरचं पोर नुसते ओठ हलवतं. आमच्या सातवीतला असाच एक मुलगा रेकॉर्डर चालू करून चिंचेखाली जाऊन बसला. 'क्षनभरी' म्हणाला, ऐकलं, पुसलं, पुन्हा म्हणाला. सातव्या खेपेला 'ण' नीट लागला, तेव्हा आपणहून टॅब घेऊन माझ्याकडे आला. वर्गात सगळ्यांदेखत मी टोकलं असतं, तर तो परत तोंड उघडता ना. अर्थात २२ जणांचं रेकॉर्डिंग शांतपणे ऐकायला तासभर लागतो. तो तास काढायची तयारी नसेल, तर हे सुरूच करू नका. पोरं वाट बघतात.

बोललेलं आपोआप टाईप करणारी सोय मात्र मी बंद ठेवली. आमच्या बोलीत 'काय करालास' (काय करतोयस) म्हटलं की ती भलतंच लिहिते आणि पोराला वाटतं, आपली मराठीच चुकीची. कवितेवरचे पर्याय निवडायचे प्रश्नही सोडून दिले. पोरं कविता न वाचताच उत्तरं टिपतात.

ज्याने त्याने आपल्या गतीने शिकायचं, हे कर्नाटकातल्या शिक्षकांना नवं नाही. १९९५ साली म्हैसूरकडच्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालेली नली-कली, म्हणजे आनंदाने शिकायची, पद्धत कार्डांवरच उभी आहे. ओळी कापून पुन्हा क्रमाने लावायच्या असतील, तर पुठ्ठ्याच्या पट्ट्या टॅबइतकंच काम करतात. आमच्याकडच्या पावसात चार-चार दिवस करंट नसतो, तेव्हा तर त्याच कामी येतात.

हायस्कूलच्या वर्गांना बेळगावात वर्षानुवर्षं राहिलेल्या इंदिरा संतांची कविता द्यायची असेल, तर ती कोरसमध्ये म्हणवून घेऊ नका. हेडफोन लावून एकट्याने ऐकू दे, दोन ओळी वहीत लिहू दे. ती कविता एकटेपणातच उमलते.

आणि ओवी? तिथे दोन्ही लागतात. घरच्या मोबाईलवर आजीची जात्यावरची ओवी रेकॉर्ड करून आणा, असं मी सांगितलं. इंटरनेट लागत नाही, आई-बाबांचा फोन संध्याकाळी मोकळाच असतो. एकीची आजी म्हणाली, 'जात्याबिगर ओवी येत न्हाई गं.' मग माळ्यावरचं जातं खाली उतरवलं, खुंटा ठोकला, मूठभर जोंधळे घातले. ते रेकॉर्डिंग वर्गात लावलं, तेव्हा ओवीआधी जात्याची घरघर ऐकू आली आणि काही न सांगता पोरांचे हात गोल फिरायला लागले.