नक्षीदार पानांची झाडं: सोलापूरचा उन्हाळा काढल्यावरचा अनुभव

दिवाळीच्या सुमारास घरात ठेवायला घेतलेल्या झाडांनी आता आपला एक अख्खा उन्हाळा काढलाय, त्यामुळे बोलायला हरकत नाही. सोलापुरात नक्षी बघून झाड घेऊ नये, आधी पान चिमटीत धरून बघावं. जाडसर पान टिकतं, पातळ पान मार्चपासून रडवतं.

सगळ्यात समाधान दिलं ते ॲग्लोनिमानं. हिरव्यावर चंदेरी पट्टे असलेली कुंडी खिडकीपासून लांब, टीव्हीशेजारी होती, तरी नवी पानं येत राहिली. लाल-गुलाबी जातींना मात्र उजेड जास्त लागतो, नाहीतर रंग उतरतो. स्नेक प्लांट तर गावाला जाऊन आलो तरी ढिम्म.

खरी परीक्षा कॅलेथियाची. मी घेतलं ते मकोयाना, मोरपिसाच्या नक्षीचं. मूळ ब्राझीलच्या दमट जंगलातलं, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं. संध्याकाळ झाली की पानं उभी राहतात आणि खालची जांभळी बाजू दिसते. पानाच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो, त्यातल्या पेशींत पाणी कमी-जास्त झालं की पान हलतं. विकणाऱ्यानं 'घरात कुठंही ठेवा' म्हणून दिलं होतं. पारा चाळिशीच्या वर गेल्यावर पानांची सुरळी झाली, कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या.

ऊन तर त्याला लागतच नव्हतं. कोरडी हवा हे एक कारण, आणि दुसरं बोअरचं पाणी. नळाला रोज पाणी येत नाही, मग झाडांच्या वाट्याला बोअरच. त्यातले क्षार मातीत साचतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला की समजावं. शेजारच्यांच्या एसीच्या नळीखाली बादली ठेवायला लागलो. ते हवेतल्या वाफेचं पाणी, क्षार जवळपास नसतात. त्यानंतरची पानं स्वच्छ आली. करपलेली कड काही परत हिरवी होत नाही, ती कात्रीनं कापायची.

हवा दमट ठेवायचं काम कूलरनं केलं. ज्या खोलीत कूलर चालतो तिथं, पण झोतापासून बाजूला ठेवल्यावर कॅलेथिया सावरलं. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र कुंडीत ओतू नका. पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात, म्हणजे ते बोअरपेक्षा जड. स्प्रेनं पाणी मारायचा सल्ला सगळे देतात. आपल्याकडे ते बघता बघता वाळतं, मी सोडून दिलं.

कोरड्या दिवसांत पानं उलटी करून बघत जा. खाली बारीक जाळी आणि वर पिवळट ठिपके म्हणजे लाल कोळी, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. ओल्या फडक्यानं पुसायचं, संध्याकाळी नीमतेल मारायचं. कुंडीत शेतातली काळी माती नकोच, पाणी धरून मुळं कुजतात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि थोडं परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) पुरतं.

घरात रांगतं मूल असेल तर ॲग्लोनिमा आणि त्याच्याच कुळातलं, ठिपकेदार पानांचं डिफेनबेकिया उंचावर ठेवा. पान चावलं तर त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांनी तोंडाची आग होते. कॅलेथियाचा तसा त्रास नाही.

रेक्स बेगोनिया मे महिन्यातच गेला. दिसायला कितीही देखणा असला तरी पुन्हा घेणार नाही. कॅलेथिया घ्यायचंच असेल तर पावसाळ्यात घ्या, म्हणजे पुढच्या मार्चपर्यंत त्याची मुळं कुंडीत नीट धरलेली असतील.