लग्नाची नोंद होत नाही म्हणून कागद करून घेतले, त्या वकील मॅडमबद्दल

मागच्या वर्षी माझ्या पार्टनरला रात्री अचानक ॲडमिट करावं लागलं आणि काउंटरवर विचारलं, पेशंटचे तुम्ही कोण? आम्ही दोघेही पुरुष, १४ वर्षं एका घरात राहतोय जोडीदार म्हणून, आणि मी म्हणालो, मित्र. मग सही त्याच्या भावाचीच लागेल म्हणाले, भाऊ दुसऱ्या गावी, तो येईपर्यंत मी सकाळपर्यंत बाकावर बसून. तो बरा होऊन घरी आला आणि आम्ही ठरवलं की कायद्याने जेवढे कागद करता येतात तेवढे सगळे करून टाकायचे.

ओळखीच्या एका जोडप्याने या मॅडम सुचवल्या. नाव इथे टाकत नाही, त्यांना विचारलेलं नाही. पण माणूस म्हणून आणि वकील म्हणून दोन्ही बाजूंनी पूर्ण मार्क. दोघांना समोर बसवून सरळ कामाचे प्रश्न, घर कुणाच्या नावावर, हप्ते कोण भरतं, आईवडील आहेत का, एकाला काही झालं तर दुसऱ्याला घराबाहेर काढायला कोण येऊ शकतं. हा शेवटचा प्रश्न आम्ही एकमेकांना कधी विचारलाच नव्हता.

मला वाटायचं पॉवर ऑफ अटर्नी केली की झालं. तर तसं नाहीये, देणाऱ्याची निर्णय घ्यायची क्षमताच गेली तर आपल्याकडे ते कुलमुखत्यारपत्र संपतं, म्हणजे नेमकं गरज असेल तेव्हाच बंद. म्हणून मॅडमनी लिव्हिंग विल करायला लावलं, आजार बरा होण्यापलीकडे गेला तर उपचार कुठवर करायचे आणि आपल्या वतीने कोणी बोलायचं हे त्यात लिहिता येतं, सुप्रीम कोर्टाने २०१८ ला परवानगी दिली आणि २०२३ च्या जानेवारीत ते सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतो. मग दोघांची मृत्युपत्रं. त्याला स्टॅम्प ड्युटी नसते, नोंदणीची सक्तीही नाही, तरी पुढे कोणी भांडायला नको म्हणून दुय्यम निबंधकाकडे जाऊन नोंदवली. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे तर मला माहीतच नव्हतं, बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते पण हक्क वारसांचाच राहतो, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसांच्या यादीत मी कुठेच नाही. जिवंतपणी एकमेकांना पैसे दिले तरी वर्षाला ५०,००० च्या वर गेले की गिफ्ट म्हणून टॅक्स, नवराबायकोला तो नाही.

पाचवा कागद समजावून सांगताना त्या थांबल्या आणि म्हणाल्या, हे सगळं मिळूनही एका विवाह प्रमाणपत्राएवढं होत नाही हं, तुम्हाला खोटं सांगणार नाही.

हे असं का आहे ते मी २०२३ च्या एप्रिल-मेमध्ये सुप्रीम कोर्टातल्या समलिंगी विवाहाच्या सुनावणीच्या लाइव्ह स्ट्रीमवर रोज बघितलंय. सुनावणी मुख्यतः विशेष विवाह कायदा १९५४ बद्दल होती, म्हणजे धार्मिक विधीशिवाय नोंदणीने लग्न करायचा कायदा, सरन्यायाधीशांनी सुरुवातीलाच सांगितलं की धर्मांच्या वैयक्तिक कायद्यांना हात लावणार नाही. कोणत्याही भटजीने, मौलवीने, पाद्र्याने आमचं लग्न लावावं असं कोणी म्हणतच नव्हतं. तरी विरोधात जमियत उलेमा-ए-हिंद पण आणि अखिल भारतीय संत समिती पण, आणि केंद्र सरकारचं प्रतिज्ञापत्र भारतीय कुटुंबाच्या संकल्पनेवर. राज्यांना मत विचारलं तर राजस्थान, आंध्र, आसामने विरोध केला, आपल्या महाराष्ट्राने वेळ मागितला. १७ ऑक्टोबर २०२३ ला निकाल, लग्न हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायाधीश एकमताने, आणि जोडीदार म्हणून कायदेशीर मान्यता द्यायची का यावर ३ विरुद्ध २ मतांनी नकार. पुनर्विचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या. संसदेने ठरवावं म्हणे, पण ज्यांना मतांसाठी मठ-मशिदींच्या पायऱ्या चढाव्या लागतात ते आमच्यासाठी विधेयक कधी आणणार?

मी देवाला मानतो, माझी आई माळकरी आहे आणि तिनेच माझ्या पार्टनरला पहिल्या दिवसापासून ताटावर बसवलंय. श्रद्धेबद्दल माझी तक्रार नाही. पण १८७२ च्या विवाह कायद्यात आधी लिहून द्यावं लागायचं की मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिश्चन नाही, १९५४ च्या कायद्यात ती अट राहिली नाही, म्हणजे धर्म न सोडता धर्माबाहेर लग्न करता यावं म्हणूनच तर हा रस्ता आहे ना, मग त्या रस्त्यावर परवानगी द्यायला धर्मगुरू कशाला?

मृत्युपत्रांच्या नोंदणीच्या दिवशी त्याच इमारतीत बोर्डावर विशेष विवाहाच्या ३० दिवसांच्या नोटिसा लावलेल्या होत्या. याने सगळी नावं वाचली.

मॅडमच्या कामात दोन गोष्टी खटकल्या. मसुदे आधी सगळे इंग्रजीत आले, याच्या आईला वाचता यावेत म्हणून मराठीत मागून घ्यावे लागले, आणि सगळं पूर्ण व्हायला तीन महिने गेले. फी मात्र पहिल्या दिवशी लिहून दिली तेवढीच घेतली. २०२४ मध्ये केंद्राने आमच्यासारख्या जोडप्यांच्या जॉइंट अकाउंट आणि रेशन कार्डाबद्दल सूचना काढल्यात त्यांच्या प्रिंटही त्यांनी फाइलला लावून दिल्या, बँकेत दाखवायला उपयोगी पडल्या.

तुम्ही जाणार असाल तर साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असा बघा. आमच्याकडे एक याचा भाऊच होता, तोच, त्या सकाळी दवाखान्यात सही करायला आलेला.